सेवेला निघालेली माणसं

आपल्याकडे बायकांनी लिहिलेली प्रवासवर्णनं पुष्कळ आहेत. युरोप आहे, काशी-रामेश्वर आहे, शिखरजी आणि श्रवणबेळगोळ तर आहेच. त्यांत काय पाहिलं ते असतं, काय खाल्लं ते असतं, थंडीत किती कपडे अंगावर चढवले तेही असतं. पण परमुलखात जाऊन तिथल्या माणसांचं काही काम केलं, तिथं राहिलो, असं सांगणारी पुस्तकं मराठीत क्वचितच हाती लागतात. इंग्रजीत अशा पुस्तकांची वेगळी फळीच आहे. आणि आता तो विषय नुसता पुस्तकातला राहिलेला नाही. आपल्या घरांतल्या मुलीही सुट्टीत 'व्हॉलंटियर' म्हणून परदेशी निघतात. नेपाळ, कंबोडिया, बाली, केनिया. दोन-तीन आठवडे, जेवणखाणाचे आणि राहण्याचे पैसे आपणच भरायचे, तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, शाळेची भिंत रंगवायची, जोडून चार ठिकाणं पाहायची आणि येताना प्रमाणपत्र आणायचं. पुढं परदेशी शिक्षणाच्या अर्जाला ते जोडता येतं. घरात आई विचारात पडते. काम तर चांगलंच दिसतंय, मग पाठवावं की नको?

या प्रश्नाला हो किंवा नको म्हणण्याआधी दोन पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून वाचावीत असं मला वाटतं. एक अडुसष्ट वर्षांच्या बाईचं आहे, दुसरं तिशीच्या आतल्या तरुणाचं. एक आपल्या मुंबईतल्या विक्रोळीत घडतं, दुसरं नेपाळात. दोन्ही माणसं अमेरिकन, दोघांचे हेतू चांगले. तरी दोन्ही पुस्तकं वाचून मन सारखंच भरून येत नाही. का येत नाही, त्याचा हा शोध.

पहिलं पुस्तक 'अवे फ्रॉम होम'. १९७७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालं. लिलियन कार्टर यांनी भारतातून घरी लिहिलेली पत्रं त्यात आहेत. मुलगी ग्लोरिया हिच्यासोबत त्यांनी ती पुस्तकरूपात आणली. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचा मुलगा जिमी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला होता. तो झाला नसता तर ही पत्रं कपाटातच राहिली असती, हे उघड आहे. पण म्हणून पुस्तकाचं मोल कमी होत नाही. पत्रं लिहिताना बाईंच्या स्वप्नातही राष्ट्राध्यक्षपद नव्हतं. जगाला दाखवायला लिहिलेलं आणि लेकीला कळवायला लिहिलेलं यात फरक असतो, तो इथं पानोपानी जाणवतो.

लिलियनबाई १८९८ सालच्या. जन्मतारीख १५ ऑगस्ट, म्हणजे आपला स्वातंत्र्यदिन. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या भुईमुगाच्या शेंगांच्या लहानशा गावात त्यांचा संसार झाला. त्या शिकलेल्या परिचारिका होत्या. काळ्या-गोऱ्यांचे पाणवठे वेगळे असण्याच्या त्या दिवसांत काळ्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारी बाई म्हणून गावात त्यांची ओळख होती. १९५३ साली यजमान गेले. मुलं मोठी झाली, घर रिकामं झालं. मग एके दिवशी दूरदर्शनवर 'पीस कोअर'ची जाहिरात दिसली, की या कामाला वयाची अट नाही. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी १९६१ साली सुरू केलेली ही योजना. निवडलेल्या अमेरिकन माणसांनी दोन वर्षं गरीब देशात जाऊन, तिथल्या साध्या राहणीत राहून काम करायचं. भारतात १९६१ ते १९७६ या काळात असे चार हजारांहून अधिक लोक येऊन गेले. लिलियनबाईंनी सदुसष्टाव्या वर्षी अर्ज केला. शिकागोत तीन महिने प्रशिक्षण झालं, त्यात मराठीचे धडेही होते. आणि १९६६ च्या अखेरीला ही आजी विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत येऊन दाखल झाली. एकवीस महिने राहिली.

आता बघा, आपल्याकडे अडुसष्टाव्या वर्षीच्या बाईकडून काय अपेक्षा असते? नातवंडं सांभाळावीत, मंदिरात जावं, गुडघ्यांना तेल लावावं. तिनं मराठी शिकायला घ्यावी आणि सातासमुद्रापार दवाखान्यात जखमा बांधाव्यात, ही गोष्टच वाचकाला, विशेषतः बाईमाणसाला, जिंकून घेते. म्हणूनच या पुस्तकाचं नुसतं कौतुक करून थांबण्याचा मोह होतो. पण पुस्तक त्याहून अधिक काही सांगतं.

सुरुवातीला बाईंना दिलेलं काम होतं कुटुंबनियोजनाचं. साठच्या दशकात या कार्यक्रमानं जोर धरला होता. नसबंदीचे आकडे ठरलेले असत, आणि कारखान्याच्या वसाहतीत माणसं एकाच जागी सापडत असल्यामुळे तिथं प्रचार सोपा. तेव्हा या परक्या देशातल्या, मोडकंतोडकं मराठी बोलणाऱ्या आजीनं कामगारांना आणि त्यांच्या बायकांना शस्त्रक्रिया पटवून द्यायची. बाईंचं मन त्यात रमलं नाही. हे त्या लपवत नाहीत. पुढं त्या वसाहतीच्या दवाखान्यात परिचारिकेच्या कामाला लागल्या, आणि तिथून पत्रांचा सूरच बदलतो. हात ओळखीच्या कामाला लागला की जीव थाऱ्यावर येतो, तसं झालं. कुष्ठरोगी समोर आला तेव्हाची भीती आणि किळस, मग हळूहळू ती भीती सरत जाणं, हे सगळं पत्रांत आहे. अन्नाची कुरकुर आहे, घरच्या आठवणीनं आलेलं रडू आहे, थकवा आहे. परत गेल्या तेव्हा वजन खूप उतरलं होतं. सत्तराव्या वाढदिवसाच्या, १५ ऑगस्ट १९६८ च्या पत्रात त्या म्हणतात त्याचा आशय असा, की घरापासून इतक्या लांब येऊन आयुष्य म्हणजे काय ते कळेल असं वाटलं नव्हतं. स्वतःला दुसऱ्यांसोबत वाटून घेणं, तेच ते.

माझी तक्रार आहे ती पुढं. ही पत्रं घरी लिहिलेली, म्हणून त्यांत लिहिणारीचं मन उघडं होतं, पण पलीकडच्या माणसाचं होत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेली बाई आपल्याला दिसते ती आजारी म्हणूनच. तिला या गोऱ्या आजीबद्दल काय वाटत होतं? कुटुंबनियोजनाचं सांगायला ती दारात आली तेव्हा आतल्या बाईनं नवऱ्याकडं कसं पाहिलं असेल? शस्त्रक्रियेचं ठरवताना तिला कोणी विचारलं का? पुस्तकात याचं उत्तर नाही. बाईंना तिथं पाठवणाऱ्या दोन सरकारांनी काय ठरवलं होतं, आणि आपण त्यातला एक हात कसे झालो, हा प्रश्न त्या मनातल्या नाराजीपर्यंत आणतात आणि सोडून देतात. न पटणारं काम अंगावर आलं तर सेवेकऱ्यानं काय करावं, याची चर्चा व्हायला हवी होती.

ही चर्चा त्याच काळात दुसऱ्या एका माणसानं केली, तीही लिलियनबाई जिथं शिकल्या त्या शिकागोजवळच. एप्रिल १९६८ मध्ये, म्हणजे बाई विक्रोळीत असतानाच, इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढं भाषण केलं. इलिच मूळचे व्हिएन्नाचे, कॅथलिक धर्मगुरू, मेक्सिकोत राहणारे. पुढं शाळा या व्यवस्थेवर टीका करणाऱ्या पुस्तकामुळे जगभर गाजले. त्या भाषणाच्या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'खड्ड्यात जावोत तुमचे चांगले हेतू' असा होईल. सेवेला निघालेल्या पोरांना तोंडावर हे ऐकवायला धाडस लागतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्यांच्या गावी तुम्ही चाललात त्यांची भाषा तुम्हाला येत नाही, तुम्ही काय नुकसान करता आहात हे ते तुम्हाला सांगूही शकत नाहीत. तुमच्या उन्हाळ्याच्या सुट्टीचा भार त्यांनी का वाहावा? पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. मदत करायला येऊ नका.

इलिच यांचं भाषण धारदार आहे, आणि धारेमुळेच काही ठिकाणी अन्याय करतं. विक्रोळीच्या दवाखान्यात कुष्ठरोग्याचा हात धुणाऱ्या म्हातारीला 'तू येऊ नको' असं म्हणणं मला जमणार नाही. तिला काम येत होतं, ती दोन पावसाळे राहिली, थोडीबहुत भाषा शिकली, दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या हाताखाली राबली. पण दोन आठवड्यांसाठी निघालेल्या विद्यार्थ्याला इलिच यांचा एकेक शब्द लागू पडतो. मग हा फरक नेमका कशाचा? नुसत्या दिवसांचा? दुसरं पुस्तक इथं उपयोगी पडतं.

कॉनर ग्रेनन यांचं 'लिटल प्रिन्सेस' २०११ साली आलं. २००४ साली हा तरुण नोकरी सोडून वर्षभराच्या जगप्रवासाला निघाला. त्यातले सुरुवातीचे काही महिने नेपाळातल्या अनाथाश्रमात घालवायचं त्यानं ठरवलं. का, तर एवढा पैसा नुसत्या हिंडण्यावर उधळतोस का, असं कुणी म्हणू नये म्हणून. हे तो स्वतःच, हसत हसत, पहिल्या पानांत सांगतो. मुलांची आवड नाही, अनुभव नाही, नेपाळी येत नाही. तरी कुणी त्याला अडवलं नाही. काठमांडूच्या दक्षिणेला गोदावरी नावाच्या गावी 'लिटल प्रिन्सेस' नावाच्या घरात तो पोचला, आणि मुलं त्याच्या अंगाखांद्यावर खेळू लागली.

पुढची हकीकत पुस्तकातच वाचावी अशी आहे. ठरलेला जगप्रवास करून तो पुन्हा तिथं आला, आणि एके दिवशी त्या घराच्या दारात एक बाई उभी राहिली. तिथल्या दोन मुलांची आई. ज्यांना सगळे अनाथ समजत होते त्यांची जिवंत आई. मग उलगडा होत गेला. नेपाळात १९९६ पासून यादवी चालू होती. पश्चिमेकडच्या हुमला या डोंगरी, तेव्हा मोटारीचा रस्ताही नसलेल्या जिल्ह्यात माओवादी बंडखोर मुलांना आपल्यात ओढत होते. त्या भीतीचा फायदा घेऊन दलाल गावोगाव फिरत. तुमची मुलं काठमांडूला सुखरूप ठेवतो, शिकवतो, असं सांगून आईबापांकडून पैसे घेत. घरातलं किडूकमिडूक विकून लोक देत. राजधानीत मुलं उपाशी, कोंडलेली, नाहीतर अनाथ म्हणून परदेशी पाहुण्यांपुढं उभी केलेली. अशाच सात मुलांची सोय लागली असं समजून ग्रेनन अमेरिकेला परतला, तर मागून कळलं की ती सातही नाहीशी झाली. तो त्यांना शोधायला परत आला. २००६ साली त्यानं 'नेक्स्ट जनरेशन नेपाळ' ही संस्था काढली, आणि मुलांचे फोटो खिशात घेऊन हुमलाच्या डोंगरांत पायी फिरून त्यांचे आईबाप शोधले.

पुस्तकाचा हा भाग वाचताना घशाशी हुंदका येतो. मूल मेलं असं वाटणाऱ्या आईच्या हातात त्याचा फोटो देणं, याहून मोठी सेवा कोणती? ग्रेननचं मोठेपण मला यात दिसतं, की अनाथाश्रम चालवण्यापासून तो मुलांना घरी पोचवण्यापर्यंत आला. पण लेखक म्हणून तो त्या आयांपाशी फार थांबत नाही. पुस्तकाचा नायक तोच राहतो. त्याची भीती, त्याचं पडणं-धडपडणं, त्याचं जुळत गेलेलं लग्न यांना जितकी पानं मिळतात तितकी हुमलातल्या कुठल्याही आईला मिळत नाहीत. मूल दलालाच्या हाती देण्याच्या आदल्या रात्री त्या घरात काय बोलणं झालं असेल, हे पुस्तक विचारत नाही. लिलियनबाईंच्या पुस्तकातली उणीव इथंही आहे, फक्त इथं ती जास्त खुपते. पत्र लिहिणाऱ्या आजीला माफ करता येतं. शोधायला निघालेल्या माणसानं विचारायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट पुस्तक अर्धीच सांगतं. दलाल वाईट, हे खरं. पण दलालाचा धंदा चालतो कुणाच्या पैशावर? अनाथ मुलांना भेटायला येणारा, दोन आठवडे खेळवणारा, जाताना देणगी देणारा प्रवासी नसता, तर 'अनाथ' तयार करण्याची गरजच कुणाला पडली नसती. नेपाळात बालगृहांची गर्दी झाली ती काठमांडू, पोखरा, चितवन अशा प्रवासी जातात त्याच भागांत. हुमलासारख्या खऱ्या गरजेच्या जागी नाही. कंबोडियात हेच दिसलं. तिथल्या सरकारनं आणि युनिसेफनं मिळून २०११ साली अहवाल काढला. अशा संस्था २००५ ते २०१० या पाच वर्षांत पाऊणपट वाढल्या होत्या, आणि त्यांतल्या दर चार मुलांमागे सुमारे तिघांचे आई किंवा वडील जिवंत होते. या अहवालाच्या नावातही 'चांगले हेतू' हेच शब्द आहेत. इलिच यांच्या भाषणाला त्रेचाळीस वर्षं झाली होती.

ही यंत्रणा कशी चालते ते नीट समजून घ्यावं. मुलं गरीब दिसली तर देणगी जास्त मिळते, म्हणून ती गरीब दिसतील अशीच ठेवली जातात. नवा पाहुणा आला की मुलं धावत येऊन बिलगतात. आपल्याला वाटतं किती माया! पण अनोळखी माणसाला असं बिलगणं हे मायेचं लक्षण नाही. दर पंधरवड्याला एक ताई येते, लळा लावते आणि जाते. मग दुसरी येते. आपल्या घरात मूल आठ दिवस मामाकडं राहून आलं तरी रात्री आईचा पदर सोडत नाही. त्या मुलांचं काय होत असेल? 'हॅरी पॉटर'च्या लेखिका जे. के. रोलिंग, ज्यांची 'लुमोस' ही संस्था मुलांना बालगृहांतून कुटुंबात परत नेण्याचं काम करते, त्यांनी २०१९ साली तरुणांना जाहीरपणे सांगितलं, की अनाथाश्रमातल्या स्वयंसेवेला जाऊ नका. ऑस्ट्रेलियानं २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा या व्यवहाराचीही चर्चा झाली.

आता या दोन पुस्तकांना मोजायचं माप कुठून आणायचं? ते आपल्या घरातच आहे. पर्युषणात दरवर्षी आपण तत्त्वार्थसूत्र वाचतो. त्याच्या सातव्या अध्यायात दानाचा विचार आहे. दान दोघांच्या हितासाठी असतं, देणाऱ्याच्याही आणि घेणाऱ्याच्याही, असं टीकाकार समजावून सांगतात. आणि दानाचा कस चार गोष्टींवर ठरतो: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. कसं दिलं, काय दिलं, कुणी दिलं, कुणाला दिलं. आपण हे मुनींच्या आहारदानापुरतं लक्षात ठेवतो. पण परदेशी सेवेच्या पुस्तकाला हे माप लावून बघा, कसं चपखल बसतं.

दात्याला काही मिळू नये, असं आपलं शास्त्र म्हणत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इंग्रजी टीकाकार या लोकांवर एक आरोप हमखास करतात, की तुम्ही स्वतःच्या समाधानासाठी जाता. अहो, समाधान मिळालं तर वाईट काय? लिलियनबाईंना सत्तराव्या वर्षी आयुष्याचा अर्थ गवसला, तो त्यांना लाभला म्हणून विक्रोळीच्या रोग्याचं काही कमी झालं नाही. प्रश्न उरलेल्या तिघांचा आहे. द्रव्य, म्हणजे त्यांच्या हातातलं कसब, खरं होतं. विधी बरा होता. दवाखाना तिथला, डॉक्टर तिथले, त्या हाताखालच्या. पात्र खरोखर आजारी होतं. कुटुंबनियोजनाच्या कामात मात्र विधीच चुकलेला होता, आणि त्यांचं मन तिथं का रमलं नाही ते या मापानं लगेच कळतं. ग्रेननचं उलटं. सुरुवातीला त्याच्याकडं द्यायला द्रव्यच नव्हतं, आणि पात्र कोण हेही माहीत नव्हतं; मुलं अनाथ नव्हतीच. ज्या दिवशी पात्र म्हणजे मुलाची आई हे त्याला कळलं, त्या दिवसापासून त्याची सेवा सेवा झाली.

दिवसांच्या हिशोबाचंही यात उत्तर मिळतं. २००६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लिलियनबाईंचा मुलगा जिमी कार्टर लोणावळ्याजवळच्या पाटण गावी आला होता. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'च्या उपक्रमात देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी आठवडाभरात शंभर घरं उभी केली. आई एकवीस महिने, मुलगा एक आठवडा. मावळात गवंड्यांची काय वाण होती, असं कुणी विचारेल आणि ते बरोबरही आहे. पण त्या संस्थेच्या पद्धतीत घर फुकट मिळत नाही. घर घेणारं कुटुंब स्वतः श्रम करतं, घराचे पैसे हप्त्यानं फेडतं. पाहुणा विटा उचलून गेला तरी घराचं गणित त्याच्यावर अवलंबून नसतं, आणि कुणाचं मूल त्याला बिलगून मागं रडत राहत नाही. विटेला लळा लागत नाही. थोड्या दिवसांच्या पाहुण्यानं हे लक्षात ठेवावं.

फिरस्त्यानं कसं वागावं हेही आपल्याला नव्यानं शिकायला नको. आपले मुनी वर्षाचे आठ महिने फिरतात, तेही पायी. त्यांच्या आहाराला भ्रामरी वृत्ती म्हणतात. भुंग्यानं फुलाला न दुखवता मध घ्यावा तसं. ज्या गावी जायचं त्या गावाला भार व्हायचं नाही. आणि चातुर्मासात चार महिने एका जागी राहायचं, कारण पावसात जमिनीवर जीवजंतू वाढलेले असतात, चालण्यानं ते मरतात. आपल्या जाण्यानं तिथल्या जिवांचं काय होईल याचा विचार पाऊल टाकण्याआधी करायचा, हेच ना ते? इलिच यांनी अमेरिकन पोरांना रागावून सांगितलं ते आपल्याकडं नियम म्हणून आधीपासून आहे. आपल्या मुलींना ते कुणी या शब्दांत सांगितलेलं नाही, एवढंच.

मुलींचं सोडा, आपलंही जरा पाहू. मुलाचा वाढदिवस आला की अनाथाश्रमात पंगत घालायची रीत आता आपल्या समाजात रुळली आहे. गोडधोड होतं, आपलं बाळ वाटप करतं, फोटो निघतात. ताटावर बसलेल्या मुलाला रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो, त्याचा स्वतःचा कधी असतो? नेपाळच्या प्रवाशावर बोट ठेवताना हा प्रश्न टाळता येत नाही. त्या मुलाच्या आईला महिन्याचे थोडे पैसे, एखादं शिलाई मशीन, शाळेची फी अशी मदत मिळाली असती तर ते मूल तिथं आलंच नसतं, असं किती मुलांच्या बाबतीत असेल, हे आपण संस्थेला कधी विचारतो का?

याची चांगली बाजूही आपल्याकडं आहे. आपल्या भागातल्या जैन बोर्डिंगांमधून पिढ्या शिकल्या. बोर्डिंगातलं पोर दिवाळीच्या, मे महिन्याच्या सुट्टीत घरी जायचं. आईबाप कोण, गाव कोणतं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. मूल आईपासून न तोडता शिकवायचं, हा त्यातला शहाणपणा. कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवलं. त्या मुलांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही जैन घरातली बाई सगळ्या जातींच्या मुलांची आई झाली. ती परदेशी गेली नाही. पण घरातल्या घरात तिनं जेवढं अंतर कापलं, ते प्लेन्स ते विक्रोळी या अंतरापेक्षा कमी म्हणता येणार नाही. तिनं मागं पुस्तक ठेवलं नाही. लिलियनबाईंची पत्रं वाचताना मला हे सारखं आठवत राहिलं. सेवेच्या साहित्यात जी लिहिते ती दिसते. जी रांधते ती, आणि जिची सेवा झाली ती, दोघीही पानाबाहेर राहतात. आपल्यापैकी लिहिणाऱ्या बायकांनी हे काम अंगावर घ्यायला हवं.

तर मग मुलीला पाठवावं की नको? 'अवे फ्रॉम होम' वाचून मी म्हणेन, जरूर पाठवा, आणि जमत असेल तर साठीनंतर स्वतःही जा. वय आडवं येत नाही हे लिलियनबाईंनी दाखवलं आहे. पण तिच्या हातात काय कसब आहे ते आधी विचारा. तिथली भाषा किती शिकणार, किती दिवस राहणार, तिथं तिचा वरिष्ठ कोण, तो त्याच गावचा आहे का, आणि तिनं न जाता तेवढेच पैसे पाठवले तर तिथल्या माणसांचं जास्त भलं होईल का, हेही विचारा. आणि कामाच्या ठिकाणी लहान मुलं राहत असतील, तर त्यांच्या आया कुठं आहेत हा प्रश्न सगळ्यांत आधी. उत्तर नीट मिळालं नाही तर तिला नुसतं हिंडायला जाऊ द्या. डोंगर बघू दे, माणसं बघू दे, तिथल्या बाईकडून एखादा पदार्थ शिकून येऊ दे. त्यात कमीपणा काही नाही. भुंगाही फुलाची सेवा करायला निघालेला नसतो. फूल दुखावलं नाही, एवढंच तो पाहतो.